कोळंबीची प्रतिकारयंत्रणा आणि जीवाणूसंसर्ग : संदेशवहनाच्या नियमनविषयक संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया आणि लॅटिन अमेरिकेच्या किनारपट्टीवर कोळंबीसंवर्धन हा एक मोठा निर्यातप्रधान व्यवसाय म्हणून उभा राहिला. या व्यवसायाचा इतिहास सामान्यतः उत्पादन, परकीय चलन आणि पर्यावरणाची हानी या तीन अंगांनी लिहिला जातो. त्याच काळात तळ्यांतील कोळंबी सामूहिकपणे का मरते, या प्रश्नाने जीवशास्त्रातील एका उपेक्षित विषयाला चालना दिली. तो विषय म्हणजे अपृष्ठवंशीय प्राण्यांची प्रतिकारयंत्रणा. इतिहासाच्या अभ्यासकांचे या बाजूकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे नसतात. माणसाप्रमाणे एकदा झालेल्या रोगाची नेमकी स्मृती जपणाऱ्या लसीकापेशीही तिच्याजवळ नसतात. त्यामुळे जीवाणू शरीरात शिरल्यावर तो ओळखणे, त्याची वार्ता पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवणे आणि प्रतिकारक प्रथिने तयार करणे ही सर्व कामे तिच्या उपजत यंत्रणेलाच करावी लागतात. या वार्ता पोहोचवण्याच्या क्रियेस 'संदेशवहन' असे म्हणतात. संदेश सुरू होणे जितके आवश्यक, तितकेच तो योग्य वेळी थांबणेही आवश्यक असते. संशोधकांना पहिली गोष्ट लवकर दिसली, तर दुसरी दिसण्यास बराच काळ गेला. या विलंबाची कारणे शोधणे आणि त्याचा प्रत्यक्ष व्यवसायावर झालेला परिणाम तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे

१) अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या प्रतिकारयंत्रणेविषयीच्या संशोधनातील प्रमुख टप्प्यांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) कोळंबीसंवर्धनातील रोगांच्या साथी आणि हे संशोधन यांचा परस्परसंबंध पाहणे.
३) 'प्रतिकारशक्ती वाढवणे' या प्रचलित कल्पनेची संशोधनाच्या इतिहासाच्या आधारे चिकित्सा करणे.

१. आरंभ : भक्षकपेशींचा शोध

या इतिहासाचा प्रारंभ एली मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञापासून करावा लागतो. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात काटे टोचले. त्या काट्यांभोवती फिरत्या पेशी गोळा होतात, असे त्याला दिसून आले. त्यानंतर १८८४ मध्ये त्याने डॅफ्निया या पाणपिसूवरील संशोधन प्रसिद्ध केले. एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू पाणपिसूच्या शरीरात शिरतात. तिच्या रक्तपेशी त्यांना वेढून नष्ट करतात आणि ज्या पाणपिसूत हे घडत नाही ती मरते, हे त्याने दाखवून दिले. पाणपिसू ही कोळंबीप्रमाणेच कवचधारी वर्गातील आहे. म्हणजेच पेशींद्वारे होणाऱ्या प्रतिकाराचा एक मूळ पुरावा कोळंबीच्याच गोतावळ्यातून मिळाला होता.

तथापि पुढील काळात हा धागा मागे पडला. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी प्रतिविषांचा शोध लावला आणि संशोधनाचा ओघ रक्तद्रवातील प्रतिपिंडांकडे वळला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले, तरी त्यानंतरची अनेक दशके प्रतिकारशास्त्र म्हणजे प्रामुख्याने प्रतिपिंडांचे शास्त्र असेच समीकरण राहिले. ज्या प्राण्यांत प्रतिपिंडे नाहीत त्यांची प्रतिकारयंत्रणा प्राथमिक दर्जाची मानली गेली. कोळंबीविषयीच्या पुढील अज्ञानाचे मूळ काही अंशी या दृष्टिकोनात आहे.

२. गोठणारे रक्त, काळवंडणारी जखम आणि त्यांचे लगाम

विसाव्या शतकाच्या मध्यावर हा विषय पुन्हा पुढे आला तो समुद्रकिनाऱ्यावरील प्राण्यांमुळे. १९५६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे फ्रेडरिक बँग यांनी हॉर्सशू क्रॅब या प्राण्याच्या एका जीवाणूजन्य रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रॅम-ऋण जीवाणू शरीरात शिरताच या प्राण्याचे रक्त सर्वत्र गोठते, असे त्यांना आढळले. १९६४ मध्ये जॅक लेव्हिन आणि बँग यांनी हे गोठणे जीवाणूच्या बाह्यावरणातील आंतरविषामुळे होते आणि गोठवणारे घटक रक्तपेशींत असतात, हे दाखवले. इंजेक्शनच्या औषधांत आंतरविष आहे किंवा नाही हे तपासण्याची जगप्रसिद्ध चाचणी या शोधातून निर्माण झाली.

बँग यांच्या निरीक्षणात आणखी एक अर्थ दडलेला होता. मर्यादित जागी गोठणारे रक्त जीवाणूला अडकवून ठेवते, परंतु तीच क्रिया सर्व शरीरभर झाली तर प्राण्याचाच मृत्यू ओढवतो. पुढे जपानमधील क्युशू विद्यापीठात सदाकी इवानागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोठण्यामागील विकरांची साखळी उलगडली. एक विकर दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला, असा तिचा क्रम असतो. या साखळीबरोबरच तिला आवर घालणारी विकररोधक प्रथिनेही त्याच रक्तपेशींत सापडली. १९८० च्या दशकाच्या आरंभी याच प्राण्यात आंतरविषाला निष्प्रभ करणारे एक प्रथिनही सापडले. त्याच कुळातील प्रथिने पुढे कोळंबीतही मिळाली.

याच सुमारास स्वीडनमध्ये क्रेफिशवर संशोधन चालू होते. एका बुरशीसदृश परजीवीमुळे होणाऱ्या 'क्रेफिश प्लेग'ने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील स्थानिक क्रेफिशचा संहार केला होता. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये रोगाला दाद न देणारी अमेरिकन जात आणली गेली आणि एक जात मरते, दुसरी का तगते, हा प्रश्न संशोधकांसमोर उभा राहिला. उप्साला विद्यापीठातील केनेथ सोडरहाल यांनी त्या अनुषंगाने प्रोफिनॉलऑक्सिडेज साखळीचा अभ्यास केला. जीवाणू किंवा बुरशीच्या भित्तिकेतील घटक ओळखले गेले की ही साखळी कार्यान्वित होते आणि मेलॅनिन हे काळे द्रव्य तयार होते. कवचावरील जखम काळी पडते ती यामुळेच. या क्रियेत निर्माण होणारी मधली रसायने विषारी असतात. ती जीवाणूला मारतात, त्याचप्रमाणे स्वतःच्या पेशींनाही इजा करू शकतात. अमेरिकन क्रेफिशच्या रक्तात सापडलेले 'पॅसिफास्टिन' हे प्रथिन या साखळीला आवर घालते. अशा रीतीने नियमनाची कल्पना रक्तद्रवातील विकरांच्या पातळीवर प्रथम स्पष्ट झाली. पेशीच्या आत ती कशी घडते, हे मात्र अजून उलगडावयाचे होते.

३. फळमाशीकडून मिळालेली चौकट

पेशीच्या आतील संदेशवहन समजण्यासाठी संशोधनाला कीटकांकडे वळावे लागले. स्टॉकहोमचे हान्स बोमन यांनी १९८० च्या सुमारास एका मोठ्या पतंगाच्या कोषातून सेक्रोपिन ही जीवाणूनाशक प्रथिने वेगळी केली. १९८५ मध्ये क्रिस्टियान न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि सहकाऱ्यांनी फळमाशीच्या भ्रूणात पाठ व पोट या बाजू ठरवणाऱ्या 'टोल' या जनुकाचे कार्य वर्णिले. प्रतिकाराशी त्याचा काही संबंध असेल, अशी कल्पना तेव्हा कोणी केली नव्हती.

१९८९ मध्ये अमेरिकन प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी एक महत्त्वाची उपपत्ती मांडली. जीवाणूंत सर्वत्र आढळणाऱ्या ठरावीक रचना ओळखणारे उपजत ग्राही प्राण्यांत असले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९९६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ब्रुनो लेमेत्र, ज्यूल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी टोल मार्ग बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात, हे सिद्ध केले. १९९७ मध्ये रुस्लान मेद्झितोव्ह व जेनवे यांना मानवी पेशींतही टोलसदृश ग्राही आढळला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरातील आंतरविषाचा ग्राही शोधला. हॉफमन आणि बॉयटलर यांना राल्फ स्टाइनमन यांच्यासमवेत २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंडे नसलेल्या प्राण्यांच्या अभ्यासाला त्यातून प्रतिष्ठा लाभली.

फळमाशीत दोन मुख्य मार्ग निश्चित झाले. टोल मार्ग प्रामुख्याने बुरशी व ग्रॅम-धन जीवाणूंसाठी, तर आयएमडी मार्ग ग्रॅम-ऋण जीवाणूंसाठी. टोल मार्गाच्या शेवटी डॉर्सल हे प्रथिन केंद्रकात शिरून जनुके कार्यान्वित करते. एरवी कॅक्टस नावाचे प्रथिन त्याला पेशीद्रवात जखडून ठेवते. संदेश आला की कॅक्टसचे विघटन होते आणि डॉर्सल मोकळे होते. कोळंबीच्या अभ्यासकांना या काळात एक तयार चौकट उपलब्ध झाली आणि तिचा त्यांनी मोठ्या प्रमाणावर उपयोग केला.

४. तळी, साथी आणि प्रतिजैविके

प्रयोगशाळांत हे घडत असताना किनाऱ्यावरील तळ्यांत वेगळाच इतिहास आकार घेत होता. जपानमध्ये मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीचे बंदिस्त अवस्थेत प्रजनन साधले. १९६८ मध्ये तैवानच्या तुंगकांग येथील प्रयोगशाळेत लियाओ यी-च्यू यांनी टायगर कोळंबीची पिल्ले वाढवण्यात यश मिळवले. त्यानंतर तैवान हा या व्यवसायातील अग्रेसर देश बनला. परंतु १९८८ मध्ये तेथील टायगर कोळंबीचे उत्पादन एका वर्षात कोसळून जवळपास एक-तृतीयांशावर आले. दाट लागवड, दूषित पाणी, विषाणू आणि जीवाणू ही सर्व कारणे त्यात एकवटली होती. १९९० च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूजन्य रोगाने आशिया व्यापला.

जीवाणूंपैकी व्हिब्रिओ कुळातील जाती सर्वाधिक घातक ठरल्या. हॅचरीच्या टाक्यांत रात्री चमकणारे व्हिब्रिओ हार्वेयी बीज उत्पादकांच्या चांगल्याच परिचयाचे होते. त्यांच्याविरुद्ध प्रतिजैविकांचा सढळ वापर झाला. त्यातून औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढले. २००१-०२ मध्ये आशियातून आलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉलचे अंश सापडल्याने युरोपीय संघाने कडक पावले उचलली. निर्यातीवरच टाच आल्यामुळे प्रतिजैविकांना पर्याय शोधणे अपरिहार्य झाले. हा पर्याय म्हणजे कोळंबीची स्वतःची प्रतिकारयंत्रणा, असा विचार पुढे आला. संशोधनाला निधी आणि निकड दोन्ही मिळाले ते या परिस्थितीतून.

५. कोळंबीतील टोल मार्ग आणि त्याचे नियमन

१९९७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी व्हॅनामी कोळंबीच्या रक्तातून पेनिइडिन ही जीवाणूनाशक प्रथिने वेगळी केली. हॉर्सशू क्रॅबमधील आंतरविषरोधक प्रथिनाच्या कुळातील प्रथिने टायगर कोळंबीतही असल्याचे थायलंडमधील संशोधकांनी दाखवले. २००७ च्या सुमारास कोळंबीतील टोल जनुके नोंदवली गेली आणि पुढील काही वर्षांत आयएमडी, डॉर्सल, रेलिश व कॅक्टस हे घटकही ओळखले गेले. एखादे जनुक तात्पुरते मूक करण्याचे आरएनए तंत्र हाती आल्यामुळे प्रत्येक घटकाचे महत्त्व तपासता येऊ लागले. २००८ मध्ये आंतरविषरोधक प्रथिनाचे जनुक मूक केलेल्या व्हॅनामी कोळंबीत व्हिब्रिओ संसर्गाने होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले. २००९ मध्ये टायगर कोळंबीतील प्रोफिनॉलऑक्सिडेज जनुकांबाबतही असाच अनुभव आला.

नियमनाचे चित्र त्यानंतर स्पष्ट होऊ लागले. डॉर्सल कार्यान्वित झाले की ते कॅक्टसचेही उत्पादन वाढवते. म्हणजे संदेशातूनच त्याला थांबवणारा घटक जन्म घेतो. २०१६ मध्ये चीनमधील शांडोंग विद्यापीठाच्या संशोधकांनी कुरुमा कोळंबीत बीटा-अरेस्टिन ही प्रथिने कॅक्टसचे विघटन रोखतात आणि डॉर्सलला केंद्रकात जाऊ देत नाहीत, हे दाखवून दिले.

फळमाशीची चौकट कोळंबीला तंतोतंत लागू पडत नाही, हेही याच काळात उघड झाले. फळमाशीत जीवाणूच्या भित्तिकेतील घटक आधी वेगळी प्रथिने ओळखतात आणि मग टोलपर्यंत संदेश जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार कुरुमा कोळंबीतील टोल ग्राही मात्र जीवाणूंच्या घटकांना थेट जोडले जाऊ शकतात. ग्रॅम-ऋण आणि ग्रॅम-धन अशी कामाची काटेकोर वाटणीही कोळंबीत दिसत नाही. उसन्या चौकटीने संशोधनाला गती दिली, तरी वेगळेपण दिसण्यास तिने विलंबही लावला, असे म्हणावे लागेल.

६. लगाम सैल केला तर काय होते?

या ठिकाणी एक महत्त्वाचा आक्षेप विचारात घ्यावयास हवा. २००७ मध्ये सोडरहाल यांच्या गटाने क्रेफिशमधील पॅसिफास्टिनचे जनुक मूक केले. त्या प्राण्यांत मेलॅनिनची क्रिया वाढली आणि एरोमोनास या जीवाणूचा प्रतिकार अधिक चांगला झाला. बीटा-अरेस्टिन मूक केलेल्या कोळंबीतही जीवाणू अधिक वेगाने नष्ट झाले. मग लगाम हा अडथळाच नव्हे काय? तो सैल करणारे औषध शोधावे, हे उचित नव्हे काय?

याचे उत्तर प्रयोगांच्या कालमर्यादेत सापडते. असे प्रयोग बहुधा काही दिवसांचे असतात, तर तळ्यातील कोळंबीला महिनोन्महिने जगावयाचे, कात टाकावयाची आणि वाढावयाचे असते. प्रतिकारक प्रथिने तयार करण्यास लागणारी ऊर्जा वाढीच्या वाट्यातूनच जाते. २००६ मध्ये बेन सॅड आणि मायकेल सिव्हा-जोथी यांनी एका भुंगेऱ्यात प्रतिकाराच्या क्रियेने स्वतःच्याच उत्सर्जक अवयवाची हानी होते, हे सिद्ध केले. हॉर्सशू क्रॅबच्या रक्ताने १९५६ मध्ये दिलेला इशारा अर्धशतकानंतर दुसऱ्या प्राण्यात अशा प्रकारे पुन्हा मिळाला.

आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. २००७ मध्ये तैवानी संशोधकांनी पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू कोळंबीच्याच 'स्टॅट' या संदेशवाहक प्रथिनाचा उपयोग करून स्वतःचे आरंभीचे जनुक कार्यान्वित करतो, असे दाखवले. जी यंत्रणा शत्रूविरुद्ध उभारली, तीच शत्रूने वापरली. तळ्यात जीवाणू आणि विषाणू एकत्र नांदत असताना एका संसर्गासाठी संदेश वाढवणे दुसऱ्या संसर्गाला उपकारक ठरू शकते, ही शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही.

७. 'प्रतिकारशक्ती वाढवा' : एका घोषणेची चिकित्सा

१९९० च्या दशकापासून यीस्टच्या भित्तिकेतील ग्लुकान आणि जीवाणूंच्या भित्तिकेचे घटक खाद्यात मिसळण्याची पद्धत सुरू झाली. त्यांना प्रतिकार-उत्तेजके म्हटले गेले. रक्तपेशींची संख्या किंवा फिनॉलऑक्सिडेजची क्रिया वाढली की उत्तेजक परिणामकारक ठरले, असे अनुमान अनेक प्रबंधांत काढले गेले. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील व्हॅलरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी या अनुमानावर नेमके बोट ठेवले. प्रतिकाराचा एखादा निर्देशांक वाढणे आणि प्राण्याचे रोगापासून संरक्षण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि सततचे उत्तेजन हानिकारकही ठरू शकते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

त्यानंतर आलेल्या एका साथीने या प्रश्नाला व्यावहारिक धार आणली. २००९ नंतर चीन, व्हिएतनाम, मलेशिया आणि थायलंड येथे पिल्ले सोडल्यानंतर साधारण महिनाभरातच तळी रिकामी होऊ लागली. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जीवाणूचे विशिष्ट प्रकार हे त्याचे कारण असल्याचे सिद्ध केले. हा जीवाणू १९५० मध्ये ओसाका येथील अन्नविषबाधेच्या तपासात त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी शोधला होता. २०१५ मध्ये तैवानी संशोधकांनी या रोगाचे मूळ जीवाणूतील एका प्लाझ्मिडवरील पीर-ए आणि पीर-बी या जोडविषात असल्याचे दाखवले. जीवाणू कोळंबीच्या जठरात वस्ती करतो आणि त्याचे विष यकृत-स्वादुपिंडाच्या पेशी उद्ध्वस्त करते. रक्तातील प्रतिकार कितीही उत्तेजित केला, तरी पचनमार्गात स्रवणाऱ्या विषाला त्याने आपोआप आळा बसत नाही. बीजाची तपासणी, तळ्याच्या तळाची स्वच्छता, पाण्यातील जीवाणूंचा समतोल आणि पिल्लांची मर्यादित घनता यांचे महत्त्व त्यामुळेच कायम राहते.

८. भारतीय संदर्भ

भारतात १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्व किनाऱ्यावर कोळंबीसंवर्धनाची झपाट्याने वाढ झाली. १९९४-९५ मध्ये रोगांच्या साथीने अनेक उत्पादक कर्जबाजारी झाले. डिसेंबर १९९६ मध्ये एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किनारी क्षेत्रातील औद्योगिक कोळंबी तळ्यांवर निर्बंध घातले. पुढे २००५ च्या कायद्यान्वये किनारी जलकृषी प्राधिकरण अस्तित्वात आले आणि २००९ मध्ये व्हॅनामी कोळंबीच्या संवर्धनास अटींसह परवानगी मिळाली. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील खाजण जमिनींत होणारे संवर्धनही याच नियमांच्या कक्षेत येते. मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि चेन्नईतील केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्था यांनी या क्षेत्रात मनुष्यबळ व संशोधन पुरवले आहे.

प्रतिबंधित प्रतिजैविकांवर कायद्याची नजर आहे. बाजारात 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यपूरकांच्या दाव्यांची तितक्याच काटेकोरपणे परीक्षा होणे आवश्यक आहे. लहान उत्पादक हंगामाचे भांडवल बहुधा उधारीवर उभे करतो. त्याने पूरकावर खर्च केलेला पैसा हा बीजाच्या तपासणीवर किंवा पाण्याच्या व्यवस्थेवर खर्च न झालेला पैसा असतो.

निष्कर्ष

१) अपृष्ठवंशीयांच्या प्रतिकाराचा मूळ पुरावा १८८४ मध्येच उपलब्ध होता. प्रतिपिंडकेंद्री दृष्टीमुळे तो दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.
२) कोळंबीविषयक संशोधनाची गती सैद्धांतिक कुतूहलाइतकीच रोगांच्या साथी आणि निर्यातीवरील निर्बंध यांनी ठरवली. साथीच्या घाईत संदेश सुरू करणाऱ्या घटकांचा शोध आधी घेतला गेला आणि त्यांना आवरणारे घटक मागाहून पाहिले गेले.
३) फळमाशीची चौकट उपयुक्त ठरली, परंतु कोळंबीचे संदेशवहन तिच्याहून काही बाबतीत भिन्न आहे.
४) नियमनकारी घटक काही प्रयोगांत जीवाणूंच्या नाशाला अडथळा ठरलेले दिसतात. तथापि वाढ, स्वतःच्या पेशींची हानी आणि विषाणूंकडून होणारा यंत्रणेचा वापर यांचा विचार केल्याशिवाय त्यांना निरुपयोगी ठरवता येणार नाही.
५) प्रतिकार-उत्तेजकांचे मूल्यमापन रक्तातील निर्देशांकांवरून न करता, पूर्ण हंगामातील जगण्याचे प्रमाण आणि वाढ यांवरून व्हावयास हवे.

आपल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास हे विभाग एकाच आवारात असतात. कोळंबीच्या तळ्याचा प्रश्न यांपैकी कोणत्याही एका विभागात मावणारा नाही. किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी तेथील उत्पादकांच्या हंगामवार नोंदी जतन करण्याचे काम हाती घेतल्यास, या विषयाच्या पुढील इतिहासाला आधारभूत साधने उपलब्ध होतील आणि कोणता उपाय खरोखर उपयोगी पडला याचा निवाडाही त्या नोंदींच्या साहाय्याने करता येईल.